एक यार्ड अलीकडे

ब्रान्का, नेब्रास्का
९ सप्टेंबर २०२४

प्रिय वेंडेल,

पत्ता बरोबर आहे असं धरून लिहितो. दोन वर्षांपूर्वी नाताळात कोरिननं कार्ड पाठवलं होतं, त्या पाकिटावरून घेतला. तुझी बायको आठवणीनं कार्ड पाठवते हे मी विसरलेलो नाही.

लिहिण्याचं कारण असं. शाळा मैदानाच्या कडेला एक दगड बसवते आहे. १६ ऑक्टोबर १९९८ च्या सामन्याचा. गोलरेषेच्या एक यार्ड अलीकडे तू जिथे पडलास, त्याच्या बरोबर समोर, कुंपणाला लागून. दगडावर तारीख, तुझं नाव, माझं नाव आणि खाली ‘कोचचा निर्णय’ एवढे शब्द. कार्यक्रम २५ ऑक्टोबरला, शुक्रवारी, सामन्याच्या आधी. मुख्याध्यापिका मिस हॅलोरन यांनी मला विचारलं, वेंडेल येईल का. मी म्हटलं, विचारून सांगतो.

तर विचारतो आहे. येशील का?

मिस हॅलोरन डेन्व्हरच्या. फुटबॉल त्यांना कळत नाही आणि त्या ते लपवत नाहीत. म्हणाल्या, ‘‘त्याच्यापुढे कुणी नव्हतं ना? मग सरळ आत जाऊन गुण का नाही केले?’’

मी मिठाची बाटली घेऊन टेबलावर दाखवलं. गुण केले की चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो. नाही केले तर चेंडू आपल्याकडेच राहतो. आपण पुढे होतो, मिनिटभर उरलं होतं, आणि घड्याळ थांबवायला समोरच्या डेल्टनच्या संघाकडे एकही टाइमआउट शिल्लक नव्हता. अशा वेळी रेषेच्या अलीकडे पडायचं, मग तीनदा चेंडू घेऊन गुडघा टेकायचा. घड्याळ संपतं. ते नुसते बघत राहतात.

‘‘म्हणजे जिंकायचं म्हणून गुण करायचे नाहीत.’’

‘‘हो.’’

‘‘आणि सतरा वर्षांच्या मुलाला हे पटलं?’’

मी म्हटलं, माझा मुलगा होता.

तुझी आई त्या संध्याकाळी खूश होती. दवाखान्यातून खास सामन्यासाठी आली होती, तुला आठवत असेल. ती खूश होती असंच मला आठवतं.

मका अजून उभा आहे. उत्तर पाठव, ‘नाही’ असलं तरी.

डॅड


२२ सप्टेंबर

प्रिय वेंडेल,

तुझं उत्तर आलं नाही. टपाल तिकडे पोचायला चार दिवस लागतात असं डोना म्हणते, म्हणजे यायला-जायला आठ. अजून उशीर झालेला नाही.

दगडाची बातमी गावात पसरल्यापासून डोनाच्या कॅफेत दुसरा विषय नाही. ऑर्विल पेट्स्का आणि गस येलिनेक रोज सकाळी भांडतात. ऑर्विल त्या सामन्याचा मुख्य पंच होता आणि गस वर खोलीत घड्याळ चालवत होता, त्यामुळे दोघांनाही वाटतं की तो सामना आपला आहे.

ऑर्विलला आता म्हातारपणी नियम बदलायचा आहे. त्याचं म्हणणं, धावणारा कुणी न पाडता मुद्दाम पडला तर घड्याळ थांबवावं. ‘‘खेळायला आलात ना? मग खेळा. जमिनीवर झोपायला गाद्या आहेत घरी.’’

गस म्हणाला, ‘‘मग गुडघा टेकतात त्याचं काय करणार? तिथेही घड्याळ थांबवणार?’’

‘‘ते वेगळं.’’

‘‘कसं वेगळं? तिथे काय देवाला गुडघा टेकतात?’’

डोना हसली. ऑर्विलनं तिच्याकडे कप सरकवला आणि म्हणाला, मला कॉफी घाल आणि याला देऊ नकोस. मग गस माझ्याकडे वळला.

‘‘मायलो, मला एवढंच सांग. आपण तीननं पुढे होतो. पोरगा आत गेला असता तर नऊनं पुढे. एका वेळी फार तर आठ मिळतात. म्हणजे डेल्टनला दोनदा गुण करायला लागले असते, पन्नास सेकंदांत, टाइमआउट नसताना. कसं करणार होते? विमान आणणार होते? मग पाडलंस कशाला त्याला?’’

ऑर्विल म्हणाला, ‘‘शंभर टक्के आणि नव्व्याण्णव टक्के यांत फरक असतो, गस. मायलोनं तो तिथल्या तिथे ओळखला. तुला सव्वीस वर्षं लागली आणि अजून कळला नाही.’’

मला खोकला आला म्हणून मी काही बोललो नाही. गाडीत बसलो तेव्हा खोकला थांबला.

शाळेत शुक्रवारी जेवणाला चिलीचं कालवण आणि दालचिनीचे रोल होते. आता मलाही बोलावतात. तू दोन रोल घ्यायचास, एक चिलीत बुडवून. टेसाला आवडतात का रोल? नऊ वर्षांची झाली ना ती?

डॅड


६ ऑक्टोबर

प्रिय वेंडेल,

मागच्या पत्रात खोकल्याचं लिहिलं. खोकला नव्हता.

आज रविवार आहे. चर्चला गेलो नाही, हे लिहायला बसलो. सरळ लिहितो, नाहीतर परत मक्याकडे वळेन.

मी मैदानावरचा गुणांचा बोर्ड बघत नसे, हे तुला माहीत आहे. खिशात कार्ड ठेवायचो, पेन्सिलनं स्वतः गुण लिहायचो, आणि तुम्हा पोरांना सांगायचो, बोर्डाकडे बघायचं नाही, माझ्याकडे बघायचं. बोर्डाकडे बघणारा पोरगा घाबरतो असं माझं मत होतं. एकतीस वर्षं मी असंच काम केलं.

आपण शेवटचा टचडाऊन केला, चेंडू रेषेपलीकडे नेला, तेव्हा बावीसचे अठ्ठावीस झाले. डेल्टन सत्तावीस. मग दोन जास्तीच्या गुणांसाठी आपण चेंडू आत घातला आणि सगळे ढिगाऱ्यात पडले. जवळच्या पंचानं हात आडवे हलवले. नाही. मी कार्डावर अठ्ठावीस लिहिलं आणि पाठ वळवून बचावाच्या पोरांना गोळा केलं. त्या वेळात ऑर्विलनं बाकीच्या पंचांना बाजूला घेतलं, बोलला, आणि निर्णय फिरवला. तीस. माझ्या पाठीमागे लोक ओरडले. लोक तर ओरडतच असतात.

म्हणजे पुढे चेंडू परत आपल्याकडे आल्यावर तुला टाइमआउटमध्ये जेव्हा सांगितलं, ‘चार यार्ड मिळव, आणि रस्ता मोकळा मिळाला तर रेषेच्या आत जाऊ नकोस, अलीकडे पड,’ तेव्हा माझ्या खिशात अठ्ठावीस-सत्तावीस होतं. एकाचा फरक. आत गेला असतास तर सातनं पुढे गेलो असतो, फार तर नऊ, आणि त्या जास्तीच्या गुणांचा काय भरवसा. एका टचडाऊनमध्ये ते आपल्याला गाठू शकले असते. म्हणून मी तुला पडायला सांगितलं. कार्डाप्रमाणे ते बरोबर होतं.

सामना संपल्यावर हस्तांदोलन करताना डेल्टनचा कोच म्हणाला, तीनच गुणांनी घालवलंस रे. मला वाटलं त्याला मोजता येत नाही. मग मी वर बघितलं.

तीन माहीत असते तर मी तुला कधीच थांबवलं नसतं. तुझा शेवटचा सामना होता. चार वर्षं तू दुसऱ्यांसाठी वाट मोकळी करून देत होतास, चेंडू तुझ्या हातात कधी दिलाच नाही आम्ही. हे मला माहीत होतं. तुझा टचडाऊन तुझ्या आईला बघायचा होता, हेही माहीत होतं.

कुणी मला दोष दिला नाही. जिंकलो होतो. पेपरवाल्यांनी त्याला शहाणपण म्हटलं. त्यानंतर अकरा उन्हाळे लिंकनच्या कोच-शिबिरात मी ते फळ्यावर काढून दाखवलं. फळ्यावर मी तीसच लिहायचो.

आता दगडावर ‘कोचचा निर्णय’ येतो आहे. तो बसण्याआधी तुला कळावं म्हणून लिहिलं. हे वाचून तू येणार नाहीस, असं होऊ शकतं. तरी लिहिलं.

डॅड


१७ ऑक्टोबर

प्रिय वेंडेल,

तुझं पत्र मंगळवारी आलं. चार ओळींचं आहे, त्यामुळे पाठ झालं. इथे परत उतरवतो, म्हणजे मी काय वाचलं ते तुला कळेल.

‘कोच,
तीनचा फरक होता हे मला माहीत होतं. टाइमआउट संपवून जाताना मी बोर्ड बघितला होता.
मी घसरलो असं आईला का सांगितलंत?
वेंडेल’

पहिली ओळ वाचून मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. तुला माहीत होतं. मोकळं मैदान समोर असताना, गरज नाही हे माहीत असताना तू खाली बसलास, कारण मी सांगितलं होतं. की सगळ्या गावासमोर मी चुकलो असं दिसू नये म्हणून? विचारत नाही. तू सांगितलंस तर ऐकेन.

दुसऱ्या ओळीचं उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. तीच गोष्ट मी तीन पत्रांत टाळली. आई खूश होती असं लिहिलं. ती खूश नव्हती. तिला तुझी काळजी वाटत होती.

गाडीत ती पुढे बसली होती, गुडघ्यांवर घोंगडी. तू पोरांबरोबर बसनं येणार होतास. फाटकाबाहेर पडल्यावर तिनं विचारलं, ‘‘मायलो, तो तसा का पडला रे?’’

‘मी सांगितलं म्हणून’ असं उत्तर होतं. पण तुझ्या आईनं बारा वर्षं बोलिंग लीगची गुणवही ठेवली होती. ती लगेच म्हणाली असती, तीननं पुढे होतो, मग कशाला? आणि मग मला कार्डाचं सांगावं लागलं असतं. ती सहा आठवड्यांनी पहिल्यांदा दवाखान्याबाहेर पडली होती. तिनं एकच गोष्ट बघायची ठरवली होती आणि ती मी माझ्या चुकीनं घालवली, हे मला तिला सांगवेना. तिच्यासाठी गप्प बसलो असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. स्वतःसाठी बसलो.

मी म्हटलं, पाय घसरला त्याचा. गवतावर दव होतं.

पुढचं तुझ्यासमोरच झालं. तू आलास, तिनं तुला स्वयंपाकघरात बसवलं, तुझे केस नीट केले आणि म्हणाली, ‘‘सगळ्यांचे पाय घसरतात रे. मी बघितलं, छान पळत होतास.’’ तू तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलंस. मी घर गरम ठेवणारी भट्टी बघायला तळघरात गेलो. भट्टी चालू होती.

तू तिला काही सांगितलं नाहीस. एका संध्याकाळी तू मला दोनदा वाचवलंस आणि दोन्ही वेळा मी ते घेतलं.

पेपरात आलं तेव्हा ती काय म्हणाली ते तुला माहीत नाही, तू शाळेत होतास. तिनं दोनदा वाचलं आणि म्हणाली, ‘‘आपल्या गावातली माणसं चांगली आहेत. पोरगा घसरला तर त्यालाही शहाणपण म्हणतात.’’ ते कात्रण तिनं याच कारणासाठी जपून ठेवलं.

तेव्हापासून मार्चपर्यंत पाच महिने होते. रोज सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही तिच्या मनात तू घसरलेला होतास. हे आता मला दुरुस्त करता येत नाही.

जूनमध्ये तू गाडीत सामान भरलंस तेव्हा मी विचारलं, एवढ्या लांब कशाला? तू म्हणालास, काम आहे तिकडे. मी ते खरं धरून चाललो. ते सोयीचं होतं.

येऊ नये असं तुला वाटत असेल तर येऊ नकोस. मी ते समजू शकतो.

डॅड


२६ ऑक्टोबर

प्रिय वेंडेल,

काल कार्यक्रम झाला. तू नव्हतास. गाड्या लावायच्या जागेकडे मी दोन-तीनदा बघितलं, एवढंच.

मिस हॅलोरन थोडं बोलल्या आणि मला माइक दिला. मी सांगितलं. कार्ड, अठ्ठावीस, तीस, पाठ वळवली होती ते. मग तुझ्या आईला काय सांगितलं तेही. हे सांगताना तिचं नाव घेतलं, अर्डिस. माइकमधून ते नाव मैदानावर ऐकायला विचित्र वाटलं. तुला बोर्ड दिसला होता, हे मात्र सांगितलं नाही. ते तुझं आहे.

डेल्टनची पोरं त्यांच्या बाजूला उड्या मारून अंग गरम करत होती, त्यांच्या बुटांचा आवाज येत होता. मग मागून गस मोठ्यानं म्हणाला, ‘‘मी सांगत होतो. नऊ.’’

लोक हसले. मीही हसलो.

नंतर ऑर्विल माझ्याजवळ आला. टोपी काढून हातात धरली होती. म्हणाला, ‘‘मी हात वर केले तेव्हा तुझी पाठ होती माझ्याकडे. बघितलं होतं मी ते. वाटलं, मायलोला कळलं असेल, मायलोला सगळं कळतं.’’

मी म्हटलं, ‘‘तुझी काय चूक त्यात.’’

‘‘जाऊन सांगायला हवं होतं. कोचला सांगणं पंचाचं कामच असतं.’’

सव्वीस वर्षं हा माणूस रोज सकाळी माझ्या बाजूनं भांडत होता, ते कशामुळे, हे मला काल कळलं.

मिस हॅलोरननी विचारलं, दगड परत पाठवायचा का? ऑर्विल म्हणाला, ‘‘तीनशे पौंडांचा आहे, बाई, कोण पाठवणार?’’ मी म्हटलं, नावं राहू द्या, माझंही. चूक माझी होती तर नाव असायला हवं. पण ‘कोचचा निर्णय’ काढा. त्यांनी विचारलं, त्या जागी काय लिहू? मी म्हटलं, काही नको, तारीख पुरे.

सामना आपण हरलो. बावीस-चौतीस. पोरं चांगली खेळली.

डॅड


२ नोव्हेंबर

प्रिय वेंडेल,

काल तू फोन केलास. सात मिनिटं बोललास, त्यातला काही वेळ टेसाला कुत्रा बाहेर काढायला सांगण्यात गेला. ते ऐकायलाही मला आवडलं.

तू म्हणालास, ‘‘यायचं असेल तर या. पाहुण्यांची खोली नाही, सोफा आहे.’’ मी म्हटलं, सोफा चालेल. तू म्हणालास, ‘‘तुमची पाठ?’’ मी म्हटलं, पाठ घरी ठेवून येतो. तू हसलास की श्वास सोडलास, मला सांगता येणार नाही. तू मला कोच म्हटलं नाहीस, डॅडही म्हटलं नाहीस. काहीच न म्हणता सात मिनिटं बोललास. चालेल. मी आल्यावर ठरव.

उद्या सकाळी निघतो. दोन दिवस लागतील. गस म्हणतो, मी येतो बरोबर, तू वायोमिंगमध्ये गाडी चालवतानाच झोपी जाशील. त्याला नाही म्हटलं. तो सगळा रस्ता नऊ नऊ करत बसेल. डोनानं खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, बांधून दिले आहेत. टेसाला खसखस चालते का, ते विचारायचं राहिलं, म्हणून जर्दाळूचेही घेतले.

हे पत्र माझ्यानंतर पोचेल. तरी लिहितो, कारण समोर बसलो की मला हे बोलता येणार नाही, आणि फोनवर आलं नाही.

एवढी वर्षं सगळे तुझ्या पडण्याबद्दल बोलले. त्यात मीच पुढे होतो, फळा घेऊन. त्याआधी तू अडतीस यार्ड धावलास, त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही.

तिसरा डाव होता, चेंडू आपल्याकडे ठेवायला चार यार्ड हवे होते. त्या सगळ्या मोसमात चेंडू तुझ्या हातात पहिल्यांदा आला. डेल्टनचा मोठा पोरगा उजवीकडून खाली वाकून आला. तू त्याला फक्त कंबर दाखवलीस आणि काढून घेतलीस. तो गवत धरून राहिला. दुसऱ्यानं तुझा शर्ट पकडला, त्याला तू चार पावलं ओढत नेलंस आणि तो सुटला. मग तिसरा उजवीकडून आला तेव्हा तू चेंडू डाव्या हातात घेतलास. हे मी तुला शिकवलं नव्हतं. तू पुढे राहून ज्यांच्यासाठी वाट मोकळी करायचास, त्यांचं बघून शिकला असणार.

मी रेषेच्या बाहेरून तुझ्याबरोबर धावत होतो. एक्कावन्न वर्षांचा होतो, गुडघे तेव्हाच गेले होते. पाच यार्ड उरले तेव्हा मला कार्ड आठवलं आणि मी ‘खाली बस’ म्हणून ओरडलो.

त्याआधी, सगळा वेळ, मी ‘जा रे, जा’ म्हणत होतो.

डॅड